जॉन हंटर : पाय राखणारा शस्त्रवैद्य

ज्या अवयवाकडून आपण दिवसभर काम घेतों आणि ज्याचा विचार मात्र ठेंच लागल्याशिवाय करीत नाहीं, असा अवयव म्हणजे आपला पाय. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा त्याचा भाग दिसण्यास अगदीं साधा आहे. पुढें नडगी व मागें पोटरी, एवढेंच त्याचें वर्णन आपण करूं. परंतु कातडीखालीं पाहूं गेल्यास तेथें स्नायु, मज्जातंतु आणि रक्तवाहिन्या यांची मोठी गुंतागुंतीची रचना आढळते. हें ज्ञान ज्यानें केवळ पुस्तकावर विसंबून न राहतां स्वतःच्या हातांनीं मिळविलें, आणि त्याच्या बळावर रोग्याचा पाय करवतीपासून वांचविण्याची वाट दाखविली, त्या जॉन हंटर नांवाच्या शस्त्रवैद्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

जॉन हंटर याचा जन्म १७२८ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत स्कॉटलंड देशांत झाला. ग्लासगो शहराच्या दक्षिणेस ईस्ट किलब्राइड म्हणून एक गांव आहे. त्या गांवाजवळील लाँग कॅल्डरवूड या शेतावर त्याचें घर होतें. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. बाप वृद्ध होता, आणि जॉन तेरा वर्षांचा असतांना तो वारला. शाळेंत जॉनचें मन कधींच रमलें नाहीं. पुस्तक उघडलें कीं त्यास कंटाळा येई. परंतु ढग कसे होतात, पानगळीच्या दिवसांत पानांचा रंग कां पालटतो, मुंग्या आणि मधमाश्या काय करितात, असले प्रश्न तो भेटेल त्यास विचारीत असे, आणि त्यांकडे लक्ष देण्यास कोणास सवड नसे. लहान वयांतच शाळा सुटली. वीस वर्षांचा झाला तरी ह्या मुलाचें पुढें काय होणार, हें घरांत कोणास सांगतां येत नव्हतें.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. शाळेकडे पाठ फिरविल्याचा तोटा हंटरला जन्मभर सोसावा लागला. त्याचें लेखन ओबडधोबड राहिलें, आणि व्याख्यान देतांना तो टिपण वाचून दाखवी व तरीहि अडखळे. तेव्हां ह्या चरित्राचा आधार घेऊन कोणीं अभ्यासास रजा देऊं नये! हंटर थोर झाला तो शाळा सोडल्यामुळें नव्हे, तर पाहण्याची आणि विचारण्याची संवय त्यानें कधींहि सोडली नाहीं म्हणून.

जॉनचा थोरला भाऊ विल्यम हा त्याच्याहून दहा वर्षांनीं मोठा. तो लंडनमध्यें नांवाजलेला वैद्य असून शरीररचनाशास्त्राची एक शाळाहि चालवीत असे. १७४८ सालीं जॉन घोड्यावर बसून लंडनला त्याच्याकडे गेला. विल्यमनें परीक्षा पाहण्यासाठीं त्याच्यापुढें एका मृत मनुष्याचा हात ठेविला, आणि त्यांतील स्नायु सोडवून दाखविण्यास सांगितलें. जॉननें तें काम इतक्या सफाईनें केलें कीं विल्यमनें त्यास लगेच दुसरा, रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरलेला, हात दिला. तोहि त्यानें उत्तम सोडविला. ज्या मुलाच्या हातीं पुस्तक टिकत नव्हतें, त्याच्या हातांत शवच्छेदनाची सुरी मात्र स्थिर राहिली. पुढें बारा वर्षांच्या सुमारास त्यानें भावाच्या शवच्छेदनगृहांत घालविलीं. उन्हाळ्यांत शवें टिकत नसल्यामुळें तें काम हिवाळ्यांत चाले; उन्हाळ्यांत तो रुग्णालयांतून शस्त्रक्रिया शिके. चेल्सी येथें विल्यम चेझल्डन आणि सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत पर्सिव्हल पॉट असे दोन विख्यात गुरु त्यास लाभले. १७५५ सालीं विल्यमनें त्यास ऑक्सफर्ड विद्यापीठांत पाठवून पाहिलें. पण लॅटिन भाषेचें ओझें जॉनला पेललें नाहीं, आणि थोड्याच आठवड्यांत तो परत आला.

हंटरचें पुढील कार्य समजण्यासाठीं पायाच्या खालच्या भागाची रचना थोडी पाहिली पाहिजे. गुडघ्याच्या मागें जो खळगा असतो त्यास आपण लवण म्हणतों. मांडींतून उतरणारी मोठी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्त नेणारी वाहिनी, ह्या लवणींत येते, आणि गुडघ्याच्या किंचित् खालीं तिच्या दोन शाखा होतात. एक शाखा पायाच्या दोन हाडांमधील पडदा ओलांडून पुढील बाजूस येते आणि पावलाच्या पाठीवर उतरते. दुसरी पोटरीच्या स्नायूंखालून घोट्याच्या आंतील अंगास जाते, व वाटेंत बाहेरील बारीक हाडाच्या कडेनें जाणारी आणखी एक शाखा देते. घोट्याच्या आंतील उंचवट्यामागें हळूच बोट ठेवून पाहावें. तेथें नाडी उडतांना लागते, ती ह्याच रोहिणीची.

पोटरीचा आकार मुख्यत्वें दोन स्नायूंनीं बनलेला आहे. वरचा दोन तोंडांचा असून मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखालीं दुसरा रुंद आणि चपटा स्नायु असतो. दोघेहि खालीं निमुळते होत एका जाड कंडरेंत मिळतात व ती टाचेच्या हाडास घट्ट बसते. हिला आपल्या भाषेंत धोंडशीर म्हणतात. आपण चवड्यांवर उभे राहतों, धांवतों किंवा उडी घेतों, तेव्हां सर्व शरीराचा भार हीच शीर उचलते. नडगीच्या बाहेरील अंगाचे स्नायु ह्याच्या उलट पाऊल वर ओढतात. ह्या सर्वांस आज्ञा पोंचविणारा मोठा मज्जातंतु मांडीच्या मागून येऊन सामान्यतः लवणीच्या वर दुभंगतो. त्याची एक शाखा पोटरींत शिरते. दुसरी बारीक हाडाच्या डोक्याखालीं वळसा घेऊन पुढें येते. तेथें ती कातडीच्या इतकी जवळ असते कीं त्या जागीं जबर मार बसल्यास पाऊल उचलेनासें होऊन चवडा खालीं लोंबतो. ही सर्व रचना हंटरनें शेंकडों वेळां आपल्या हातांनीं उलगडून पाहिली होती. आणि मोठ्या रोहिणीपासून गुडघ्याच्या आसपास ज्या बारीक बारीक फांद्या फुटतात व खालून येणाऱ्या फांद्यांस मिळतात, त्याहि त्याच्या नजरेंतून सुटल्या नव्हत्या. पुढें ह्याच फांद्या त्याच्या उपयोगीं पडावयाच्या होत्या.

अति श्रमानें प्रकृति खालावल्यामुळें १७६० सालीं हंटरनें सैन्यांत शस्त्रवैद्याची जागा पत्करिली. १७६१ सालीं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल बेटाच्या स्वारींत आणि पुढील वर्षीं पोर्तुगालमध्यें त्यानें जखमी शिपायांची शुश्रूषा केली. बंदुकीची गोळी लागली म्हणजे जखम सुरीनें मोठी करून गोळी शोधावयाची, अशी त्या वेळची रीति होती. बेल-ईल येथें कांहीं फ्रेंच शिपाई जखमा घेऊन लपून राहिले होते. त्यांच्या जखमांस कोणाची सुरी लागली नव्हती, तरी त्या बऱ्या होत होत्या. हें पाहून हंटरनें निष्कारण कापाकापी करण्याचें सोडून दिलें. निसर्ग स्वतः जें बरें करितो, त्याच्या आड वैद्यानें येऊं नये, हा धडा तो रणभूमीवर शिकला.

१७६३ सालीं तो लंडनला परत आला तेव्हां हातीं पैसा नव्हता. कांहीं काळ त्यानें एका दंतवैद्याबरोबर काम केलें, आणि त्या अनुभवांतून १७७१ सालीं मनुष्याच्या दांतांवर एक महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराबाहेर अर्ल्स कोर्ट येथें त्यानें जागा घेऊन तेथें नाना देशांचे पशुपक्षी पाळिले. १७६७ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें आणि १७६८ सालीं सेंट जॉर्ज रुग्णालयांत शस्त्रवैद्याची जागा मिळाली.

याच सुमारास त्याच्या स्वतःच्या पायाची धोंडशीर तुटली. दुसरा कोणी असता तर अंथरुणास खिळून दैवास बोल लावीत बसला असता. हंटरनें टाच उंच राहील असा बंदोबस्त करून हळूहळू चालण्यास आरंभ केला, आणि तुटलेली शीर आंतल्या आंत कशी जुळते हें पाहण्यासाठीं कुत्र्यांच्या पायांतील शिरा कातडीस फारसा छेद न देतां तोडून, निरनिराळ्या मुदतीनंतर त्यांची तपासणी केली. कातडी बंद राहिली तर तुटलेलीं टोंकें नव्या धाग्यांनीं जुळून येतात, असें त्यास आढळलें. मुक्या जनावरांस झालेल्या वेदनांचा विचार मनास टोंचतो, हें खरें. वेदना नाहींशी करणारें औषध त्या काळीं माणसांसहि मिळत नव्हतें.

१७७१ सालीं अ‍ॅन होम नांवाच्या सुशील व काव्यरसिक स्त्रीशीं त्याचा विवाह झाला. तिच्या कवितांस हायडन या थोर संगीतकारानें चाली दिल्या आहेत. हंटरच्या घरीं शिष्यहि राहत असत. त्यांपैकीं एडवर्ड जेन्नर हा पुढें जगप्रसिद्ध झाला. जेन्नर आपल्या खेड्यांत परत गेल्यावरहि गुरुशिष्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि नुसत्या तर्कावर न थांबतां प्रयोग करून पाहण्याचा आग्रह हंटर त्यास पत्रांतून करीत असे. त्याच शिष्यानें १७९६ सालीं गोस्तनदेवीची लस टोंचून पाहिली. आणि १८०२ सालीं ती लस मुंबईस पोंचून तेथें एका तीन वर्षांच्या मुलीस टोंचली गेली. हिंदुस्थानांत गोस्तनदेवीची लस टोंचण्याचा आरंभ तो हाच.

आतां ज्या शस्त्रक्रियेनें हंटरचें नांव अजरामर झालें तिच्याकडे वळूं. रोहिणीची भिंत एखाद्या ठिकाणीं रोगानें दुबळी झाली म्हणजे आंतील रक्ताच्या नेटानें तेथें फुगा येतो. लवणींतील रोहिणीस असा फुगा येण्याचें प्रमाण त्या काळीं गाडी हांकणाऱ्या कोचमन लोकांत बरेंच होतें. त्यांच्या उंच बुटांची कड गुडघ्यामागें घांसत असल्यामुळें हें होतें, अशी पुष्कळांची समजूत होती. फुगा दिवसेंदिवस वाढे, पाय सुजे, वेदना असह्य होत, आणि अखेरीस फुगा फुटून रोगी रक्तस्रावानें मरे. त्यावर दोन उपाय होते. एक म्हणजे फुगा उघडून त्याच्या लगत वर आणि खालीं रोहिणी बांधणें. पण तेथील भिंत रोगट असल्यामुळें दोरा तींतून कापून जाई आणि रोगी दगावे. दुसरा उपाय म्हणजे मांडीपासून पाय कापून टाकणें. हंटरचे गुरु पॉट यांचें मत ह्या दुसऱ्या उपायाकडेच झुकलेलें होतें. पाय गेलेल्या कोचमननें पुढें पोट कसें भरावें, ह्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि वैद्यापाशीं नव्हतें.

हंटरनें असा विचार केला: रोग फुग्याच्या जागींच नसून त्याच्या आसपासच्या भिंतींतहि पसरलेला असतो, तर मग दोरा तेथें न बांधतां दूर, मांडींत, जेथें रोहिणी निरोगी आहे तेथें बांधला तर? फुग्यांत शिरणाऱ्या रक्ताचा जोर मोडेल, आंतील रक्त गोठेल, आणि शरीर स्वतःच तें हळूहळू शोषून घेईल. परंतु मुख्य वाट बंद केल्यावर पोटरीस आणि पावलास रक्त कोठून मिळणार? पाय सडला तर? येथें शवच्छेदनगृहांतील बारा हिवाळे कामास आले. गुडघ्याभोंवतींच्या बारीक फांद्या त्यानें पाहिल्या होत्या. मोठा पाट बंद झाला तरी ह्या लहान वाटा रुंदावून पाण्याची सोय करतील, असा त्यास भरंवसा वाटला. ह्यापूर्वीं १७१० सालीं अनेल या फ्रेंच वैद्यानें हाताच्या एका फुग्यावर वरील बाजूस दोरा बांधला होता, आणि १७८५ सालींच पॅरिसमध्यें देझो यानें लवणींतील फुग्याच्या लगत वर तसेंच केलें होतें. पण फुग्यापासून दूर, निरोगी जागा निवडण्याचें धैर्य आणि त्यामागील कारणपरंपरा ही हंटरची.

१७८५ सालच्या डिसेंबर महिन्यांत सेंट जॉर्ज रुग्णालयांत पंचेचाळीस वर्षांचा एक कोचमन आला. तीन वर्षांपासून त्याच्या लवणींत फुगा वाढत होता, आणि पाय सुजून काळवंडला होता. भूल देण्याची विद्या त्या वेळीं जगास ठाऊक नव्हती. ती यावयास अजून साठ वर्षांचा अवकाश होता. जंतूंचें ज्ञानहि नव्हतें. हंटरनें मांडीच्या पुढील व आंतील अंगास, मध्याच्या थोडें खालीं छेद घेतला, स्नायूंमधून रोहिणी शोधून काढिली आणि ती चार ठिकाणीं दोऱ्यांनीं बांधली. दोरे त्यानें फार आवळले नाहींत. नंतर सर्वांचें लक्ष पावलाकडे लागलें. तें थंडगार पडेल अशी धास्ती होती. परंतु शस्त्रक्रियेनंतर तो पाय दुसऱ्या पायाहूनहि अधिक ऊन लागूं लागला. फुगा लहान होत चालला. मध्यंतरीं रक्तस्रावाचें एक संकट येऊन गेलें, पण सुमारें सहा आठवड्यांनीं तो मनुष्य आपल्या दोन पायांनीं रुग्णालयांतून बाहेर पडला, आणि पुढें पुन्हां गाडी हांकूं लागला.

सव्वा वर्षानें, १७८७ सालीं, तो ज्वरानें वारला. त्या मरणाचा पायाच्या रोगाशीं संबंध नव्हता. हंटरनें तो पाय मिळवून तपासला. फुग्याच्या जागीं केवळ एक कठीण गांठ उरली होती. बांधलेल्या जागीं रोहिणी बंद होती. आणि तरी खालील भागास रक्त पोंचत राहिलें होतें. निसर्गानें लहान वाटांचे राजरस्ते केले होते. हंटरनें ही शस्त्रक्रिया पुढें आणखी कांहीं रोग्यांवर केली. त्यांतील चौथा रोगी तर त्यानंतर पन्नास वर्षें जगला. १७८७ सालींच रॉयल सोसायटीनें हंटरला कोपली पदक देऊन गौरविलें.

एवढ्यावर लेखणी ठेविली तर चरित्र गोड होईल, पण पुरतें होणार नाहीं. हंटरचें ज्ञान ज्या शवांवरून आलें, तीं कोठून येत होतीं? कायद्यानें शवच्छेदनासाठीं फांशी गेलेल्या खुन्यांचीं शवें मिळत. तीं अगदीं अपुरीं पडत. म्हणून रात्रीं थडगीं उकरून प्रेतें विकणारे लोक असत, आणि हंटरबंधूंची शाळा अशा लोकांवाचून चालणें शक्य नव्हतें. ज्यांचीं थडगीं उकरलीं जात तीं बहुतेक गरिबांचीं असत, कारण श्रीमंतांच्या थडग्यांवर पहारा असे. १७८३ सालीं चार्ल्स बर्न नांवाचा आयर्लंडमधील एक अतिशय उंच तरुण लंडनमध्यें वारला. त्याची उंची सात फूट सात इंचांच्या घरांत होती, आणि लोक पैसे देऊन त्यास पाहण्यास येत. आपलें शव शवच्छेदकांच्या हातीं पडूं नये म्हणून तें समुद्रांत सोडावें, अशी त्याची शेवटची इच्छा होती. हंटरनें पैसे चारून तें शव मिळविलें आणि त्याचा सांगाडा आपल्या संग्रहांत ठेविला. रेनल्ड्स या चित्रकारानें १७८६ सालीं काढलेल्या हंटरच्या चित्रांत वरच्या कोंपऱ्यांत त्या सांगाड्याचे पाय लोंबतांना दिसतात. जो वैद्य गरीब कोचमनच्या पायासाठीं एवढी काळजी वाहतो, त्यानेंच एका असहाय तरुणाची अखेरची विनंति पायाखालीं तुडवावी, ही विसंगति झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्या सांगाड्यावरून पुढें उपयुक्त ज्ञान मिळालें, हें खरें. १९०९ सालीं कवटी तपासली असतां मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीचा खळगा वाढलेला आढळला, आणि त्या तरुणाच्या उंचीचें कारण कळलें. परंतु ज्ञान मिळालें म्हणून वचनाचें मोल कमी होत नाहीं.

१७७३ सालापासून हंटरला छातींत कळा येण्याचा विकार जडला होता. राग आला कीं ती कळ येई, आणि आपला प्राण आपणांस चिडविणाऱ्याच्या हातीं आहे, हें त्यास पुरतें ठाऊक होतें. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेंत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. कोणीं तरी त्यास विरोध केला. तो उठून शेजारच्या खोलींत गेला आणि तेथें कोसळून गतप्राण झाला. शव उघडून पाहतां हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. ज्यानें दुसऱ्यांच्या रोहिण्यांचें रहस्य उकललें, त्याचा अंत स्वतःच्या रोहिण्यांनींच केला.

मिळविलेला सर्व पैसा त्यानें संग्रहावर खर्च केला होता, त्यामुळें मागें कर्ज राहिलें आणि पत्नीस हाल सोसावे लागले. विल्यम क्लिफ्ट नांवाच्या अठरा वर्षांच्या मदतनीसानें तुटपुंज्या पगारावर सहा वर्षें त्या संग्रहाची राखण केली. १७९९ सालीं सरकारनें तो पंधरा हजार पौंडांस विकत घेतला. त्यांत चौदा हजारांच्या आसपास नमुने होते. हंटरचीं हस्तलिखितें मात्र त्याचा मेहुणा एव्हरार्ड होम यानें १८२३ सालीं जाळून टाकिलीं. क्लिफ्टनें आधींच कांहींच्या नकला करून ठेविल्या होत्या, म्हणून तेवढ्या वांचल्या. १८५९ सालीं हंटरच्या अस्थि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें नेण्यांत आल्या. १९४१ सालच्या बाँबवर्षावांत संग्रहाचा बराच भाग नष्ट झाला. उरलेला लंडनमध्यें आहे. २०२३ सालीं तें संग्रहालय नव्यानें उघडलें, तेव्हां चार्ल्स बर्नचा सांगाडा लोकांच्या नजरेपुढें न मांडण्याचें ठरलें. त्याच्या विनंतीचा अर्धा मान राखण्यास दोनशें चाळीस वर्षें लागलीं.

आज लवणींतील फुग्यावर शस्त्रवैद्य बहुधा वेगळ्या रीतीनें उपाय करितात. शरीरांतीलच एखादी नीला घेऊन रक्तास नवी वाट करून देतात, किंवा रोहिणीच्या आंत नळी बसवितात. तरीहि मांडींतील ज्या मार्गांत हंटरनें दोरा बांधला, त्यास वैद्यकाचे विद्यार्थी हंटरचा मार्ग म्हणूनच ओळखतात. मोठी वाट बंद झाली असतां लहान वाटा काम चालवितात, हें त्यानें जगास दाखविलें. परंतु त्याच्या कीर्तीकडे पाहतांना त्या कोचमनला, आणि ज्यांचीं थडगीं रात्रीं उकरलीं गेलीं त्या निनांवी गरिबांनाहि विसरूं नये. आपला पाय कसा चालतो हें आपणांस कळलें, त्यांत हंटरच्या हातांइतकाच त्यांच्या शरीरांचाहि वांटा आहे.